बुटीबोरीच्या तीन बस आणि इलेक्ट्रिकचा हिशोब

तुमचा प्रश्न असा आहे: घरच्या तीन डिझेल बस नागपूरहून बुटीबोरी एमआयडीसीत कामगारांची ने-आण करतात. दोन जनरल पाळीला लागल्या आहेत, एक तिन्ही पाळ्यांना. त्यातल्या दोन आता थकल्या, वर्षभरात बदलाव्या लागतील. धाकटा भाऊ म्हणतो, इलेक्ट्रिकच घेऊ, इंधनाचा खर्च निम्म्यावर येतो. वडील म्हणतात, एवढ्या किमतीची गाडी फिटायची कधी? आणि शेवटी तुम्ही विचारलंय की महापालिकेची बस तोट्यात असून ते इलेक्ट्रिक घेऊन राहिले, मग त्यांना परवडतं ते आपल्याला का नाही?

मी आधी एसटीच्या कार्यशाळेत होतो. नंतर शहर बस चालवणाऱ्या एका ठेकेदाराकडे आगार सांभाळलं, आणि शेवटची काही वर्षं इलेक्ट्रिक गाड्यांच्याच मागे गेली. त्या अनुभवावरून सांगतो. एका डिझेल गाडीच्या जागी एक इलेक्ट्रिक, असं तुम्ही केलंत तर वडिलांचं म्हणणं खरं ठरेल. गाड्यांचं वेळापत्रकच बदललंत तर भावाचं खरं ठरू शकेल. हे का, ते आकड्यांनी मांडतो. आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमच्या कोटेशनचे आणि तुमच्या वहीतले आकडे घालून पुन्हा करा. रीत मात्र हीच ठेवा.

डिझेल बस उभी राहिली की तिचा सगळ्यात मोठा खर्चही थांबतो. टाकीतलं डिझेल टाकीतच राहतं. इलेक्ट्रिकचं तसं नाही. पुढच्या सात-आठ वर्षांच्या इंधनाचा मोठा भाग तुम्ही बॅटरीच्या रूपाने पहिल्याच दिवशी विकत घेतलेला असतो, आणि त्याचा हप्ता गाडी धावो न धावो, दर महिन्याला खात्यातून जातो. म्हणून इलेक्ट्रिक बसबद्दल माझा पहिला प्रश्न किमतीचा नसतो, रेंजचाही नसतो. गाडी रोज किती किलोमीटर धावणार, एवढंच मी आधी विचारतो.

तुमची नऊ मीटरची, एसी नसलेली स्टाफ बस वर्धा रोडवर पाचचं ॲव्हरेज देत असेल. डिझेल नव्वदीच्या आसपास धरलं तर किलोमीटरला १८ रुपये. त्याच मापाची इलेक्ट्रिक बस, चार्जिंगमधली गळती धरून, मीटरवर किलोमीटरमागे साधारण एक युनिट घेईल. वीजबिलातला स्थिर आकार, इंधन समायोजन सगळं मिळवून युनिट ९ रुपयांना पडतं असं धरू. म्हणजे किलोमीटरला ९ रुपये. इंजिन ऑइल नाही, फिल्टर नाही, क्लच प्लेट नाही, ब्रेक लायनर जास्त टिकतात. देखभालीत आणखी २ रुपये वाचतील. एकूण बचत ११ रुपये. भावाचं "निम्म्यावर" इथपर्यंत बरोबर आहे.

आता वडिलांची बाजू. डिझेल बस ३० लाखांची आणि इलेक्ट्रिक ९० लाखांची धरली तर फरक ६० लाखांचा. १० टक्के व्याजाने ८ वर्षांत फेडायचं म्हटलं तर दर लाखामागे वर्षाला साधारण १८,२०० रुपये हप्ता बसतो. हा एक आकडा लिहून ठेवा, पुढे सारखा लागेल. ६० लाखांच्या फरकाचा वर्षाचा हप्ता झाला १० लाख ९२ हजार. ११ रुपयांच्या बचतीतून तो भरून काढायचा तर गाडी वर्षाला जवळजवळ एक लाख किलोमीटर पळायला हवी, म्हणजे ३०० दिवस रोज ३३० किलोमीटर. तुमची जनरल पाळीची बस सकाळी सोडते, दिवसभर कारखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली उभी राहते, संध्याकाळी परत आणते. रोजचे ६० किलोमीटर, वर्षाची बचत दोन लाखांच्या आसपास. तिन्ही पाळ्यांची बस रोज १८० किलोमीटर करते, तिची बचत सहा लाखांच्या जवळ जाते. दोन्हीकडे हप्ता निघत नाही. हा हिशोब भावाला दाखवा, पण त्याचं मन मोडू नका, पुढे त्याच्या बाजूचंही आहे.

मग महापालिकेला कसं परवडतं? इथे गंमत अशी आहे की जी गोष्ट डिझेल गाडीला मारते तीच इलेक्ट्रिकला तारते. झाशी राणी चौकातून मुंजे चौकाकडे संध्याकाळी सहाला बस काढा. दर शंभर-दीडशे मीटरला ब्रेक, क्लच, पहिला गिअर, परत ब्रेक. बारा मीटरची एसी डिझेल बस अशा रस्त्यावर अडीचच्या वर ॲव्हरेज देत नाही, म्हणजे किलोमीटरला ३६ रुपये नुसतं डिझेल. इलेक्ट्रिक बस उभी असताना मोटर काही खात नाही, आणि ब्रेक मारताना चाकाची ताकद उलटी बॅटरीत जाते. ती १.४ युनिट, म्हणजे साडेबारा रुपयांत तोच किलोमीटर काढते. देखभाल धरून बचत २६ रुपयांच्या आसपास. रोज २०० किलोमीटर, वर्षाचे ३४० दिवस: पावणेअठरा लाख. मघाचा १८,२०० चा आकडा लावा, तर एवढ्या बचतीवर ९७ लाखांपर्यंतचा किमतीतला फरक पेलतो. प्रत्यक्षातला फरक त्याहून कमी असतो.

तेव्हा गाडी जड, एसी लावलेला, रस्ता थांबत-थांबत जाणारा आणि दिवसभराचं काम, अशी शहर बस इलेक्ट्रिकला अगदी योग्य. हलकी, बिनएसीची, मोकळ्या हायवेवर एका वेगात धावून उरलेला दिवस उभी राहणारी स्टाफ बस सगळ्यात अयोग्य. वर्धा रोडवर तुमचं डिझेल चांगलं ॲव्हरेज देतं, ही तुमची कमाई आहे, आणि म्हणूनच इलेक्ट्रिकला तिथे वाचवायला फारसं काही उरत नाही.

शिवाय महापालिका सहसा गाडी विकत घेत नाही. ठेकेदार गाडी आणतो, चालक देतो, बॅटरीची जबाबदारी घेतो, आणि किलोमीटरमागे ठरलेला दर घेतो. २०२२ साली दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद, कोलकाता आणि सुरत या पाच शहरांसाठी मिळून ५,४५० बसची एकत्र निविदा निघाली होती. त्यात बारा मीटरच्या बसचा सगळ्यात कमी दर ४३ रुपये ४९ पैसे आला आणि नऊ मीटरचा ३९ रुपये २१ पैसे. एवढ्या गाड्या एकदम घेतल्या म्हणून हा दर आला. तीन गाड्यांच्या मालकाला तो कोणी देणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत नागपूर आहे. तिच्यात केंद्राकडून मोठ्या बसला किलोमीटरमागे २४ रुपये, मिडीला २२ आणि मिनीला २० रुपये, तेही दहा वर्षं मिळतात. तुमच्या स्टाफ बसला यातलं काही नाही. म्हणून "मनपाला परवडतं" ही तुलना मनातून काढून टाका.

तोट्याचं मात्र वेगळं सांगतो, कारण लोक दोन गोष्टी एकत्र करतात. शहर बसचा तोटा तिकिटात आहे. तिकिटातून किलोमीटरला जे जमा होतं ते कुठल्याही इंधनावर गाडी चालवण्याच्या एकूण खर्चापेक्षा कमीच असतं, डिझेल असो, सीएनजी असो की वीज. इलेक्ट्रिक बस खर्चाची बाजू खाली आणते, रिकामी सीट भरत नाही. आणि करारात रोजचे हमीचे किलोमीटर ठरलेले असतात. गाडी तेवढी पळाली नाही तरी त्यातले बरेचसे पैसे द्यावेच लागतात. त्यामुळे शहरात बसचा वेग हाच पैसा आहे. ताशी १५ च्या वेगाने १४ तासांत २१० किलोमीटर होतात, १२ च्या वेगाने १६८. चालक तोच, हप्ता तोच, गाडी तीच, आणि ४२ किलोमीटर सिग्नलवर आणि उड्डाणपुलाच्या कामांमध्ये गेले. ज्या शहराला इलेक्ट्रिक बस परवडून घ्यायची आहे त्याने चार्जरच्या आधी सीताबर्डीतल्या चौकांत बसला वाट काढून द्यावी, हे मी बैठकींतून अनेकदा पोटतिडकीने सांगितलं आहे आणि अजूनही सांगतो.

नागपूरला हा सगळा प्रवास नवा नाही. २०१४ मध्ये इथे इथेनॉलवरची हिरवी बस आली. देशभरातून लोक बघायला आले, पुढे गाड्या वाढल्या, आणि २०१८ मध्ये पैशाच्या आणि कराराच्या वादात ती सेवा बंद पडली. गाडी उत्तम होती, मी स्वतः तिच्यात बसून वर्धा रोडवर गेलो आहे. मे २०१७ मध्ये इलेक्ट्रिक टॅक्सी, ई-रिक्षा, बस अशा दोनशे वाहनांचा देशातला पहिला मोठा प्रयोगही नागपुरातच सुरू झाला. त्यातल्या टॅक्सीचालकांचे दिवस चार्जिंगच्या रांगेत जाऊ लागले. ज्या वेळी भाडं मिळतं त्याच वेळी गाडी चार्जरच्या गनला लागलेली, आणि कित्येकांनी डिझेलकडे परतायचं ठरवलं. डिझेलच्या बस सीएनजीवर नेल्या, तर नागपूरला नळाने गॅस नव्हता, तो लांबून आणावा लागे. मार्च २०२२ मध्ये इथे सीएनजी किलोला १२० रुपये झाला होता. तिन्ही वेळा यंत्र चाललं. एकदा पैसे वेळेवर फिरले नाहीत, एकदा चार्जिंगची वेळ आणि धंद्याची वेळ जुळली नाही, एकदा इंधनाचा भाव आपल्या हातात नव्हता. तुम्ही गाडी घेताना या तिन्ही बाजू तपासा. मोटर किती किलोवॉटची आहे हे सगळ्यात शेवटी विचारलंत तरी चालेल.

चार्जिंगची वेळ म्हणजे काय, ते मी आगारात उभं राहून शिकलो. मे महिन्यातली रात्र, साडेअकरा वाजलेले, अंगणातलं काँक्रीट अजून पायाला पोळतं. अठरा गाड्या परत आलेल्या, प्रत्येकीत १८ ते २५ टक्के चार्ज. चार्जर चार, प्रत्येकाला दोन गन, म्हणजे एका वेळी आठ गाड्या. रात्रपाळीच्या मुकादमाकडे शंभर पानी वही: गाडी नंबर, आत आली तेव्हाची टक्केवारी, गन लावल्याची वेळ, काढल्याची वेळ. एका गाडीला अडीच तास धरले तर तीन फेऱ्यांना साडेसात तास लागतात, आणि पहिली फेरी पहाटे पाचला सुटते. हातात साडेपाच तास. मुकादम रात्रभर एका गाडीची गन काढून दुसरीला लावत फिरायचा. शेवटच्या दोन गाड्या साठ-पासष्ट टक्क्यांवर बाहेर पडायच्या आणि दुपारी दोनला, ऐन उन्हात, वाडीच्या फेरीतून परत बोलवाव्या लागायच्या. प्रवासी स्टॉपवर उभे, गाडी आगारात. त्या ठेकेदाराने दोन चार्जर कमी बसवून काही लाख वाचवले होते. तेवढे पैसे हुकलेल्या फेऱ्यांच्या दंडात काही महिन्यांतच गेले. मी तेव्हा लेखी कळवलं होतं, पण कागदाला कागद लागत गेला आणि उन्हाळा संपला.

आपल्याकडचा उन्हाळा हा या धंद्यातला स्वतंत्र खर्च आहे. २३ मे २०१३ ला नागपूरचं तापमान ४७.९ अंशांवर गेलं होतं, आणि पंचेचाळीसच्या आसपासचे दिवस तर दरवर्षीचे. अशा दिवशी बॅटरी थंड ठेवणारी यंत्रणा स्वतःच वीज खाते. एसी बस असेल तर तिचा एसी आणखी पाव हिस्सा खेचतो. जानेवारीत १६० किलोमीटर देणारी गाडी मेमध्ये १२०-१२५ वर आलेली मी पाहिली आहे. तुमची बस बिनएसीची असली तरी बॅटरीला सावली लागते. ज्या आवारात गाडी दुपारी उभी राहणार तिथे पत्र्याचं छप्पर हवं, आणि हा खर्च कुठल्याही कोटेशनमध्ये नसतो.

उन्हाचा मार सगळ्यात आधी दिसतो तो ई-रिक्षाच्या सीटखाली. मेडिकल चौकात दुपारी एखादा रिक्षावाला सीट उचलून बसलेला दिसेल. चार काळ्या बॅटऱ्या, टोपणं काढलेली, हातात डिस्टिल्ड वॉटरची बाटली, आणि प्रत्येक खणात तो बोटाने अंदाज घेत पाणी घालतो. उन्हाळ्यात हे आठवड्याला, न घातलं तर प्लेटा उघड्या पडतात आणि सेट वर्षाच्या आत बसतो. नवा सेट ३५-४० हजारांचा. तीच रिक्षा लिथियम बॅटरीची असेल तर हा त्रास नाही. मोठा इलेक्ट्रिक ऑटो तर आज या सगळ्या वाहनांत सगळ्यात लवकर फिटतो. शंभर किलोमीटरला पेट्रोल ऑटो चार लिटर, म्हणजे चारशे रुपयांच्या वर खातो. इलेक्ट्रिकला आठ युनिट पुरतात, नव्वद रुपयांच्या आत. रोजचे तीनशेहून जास्त हातात राहिले तर किमतीतला लाखभराचा फरक वर्षभरात निघतो. तुमच्या घरात कोणी ऑटो घ्यायचं म्हणत असेल तर त्याला माझं सरळ "हो" आहे. बसच्या बाबतीत मात्र थांबून विचार करायला हवा.

आता भावाची बाजू. तुम्ही एक डिझेल आणि एक इलेक्ट्रिक समोरासमोर ठेवता, म्हणून इलेक्ट्रिक हरते. दोन डिझेलसमोर एक इलेक्ट्रिक ठेवून पाहा. तुम्हाला नाहीतरी दोन गाड्या बदलायच्या आहेत. दोन नव्या डिझेल म्हणजे ६० लाख, एक इलेक्ट्रिक ९० लाख. फरक ३० लाखांवर आला, वर्षाचा हप्ता ५ लाख ४६ हजार.

तिन्ही पाळ्यांची आणि जनरल पाळीची कामं एकच गाडी करू शकते का, ते घड्याळावर मांडू. पहाटे पावणेसहाला नागपूरहून पहिली पाळी घेऊन निघाली, पावणेसातला बुटीबोरी. सव्वासातला रात्रपाळी घेऊन सव्वाआठला परत. लगेच जनरलची माणसं घेऊन सव्वानऊ-साडेनऊला पुन्हा बुटीबोरी. तिथे साडेबारापर्यंत तीन तास चार्जिंग. मग रिकामी नागपूरला, पावणेदोनला दुसरी पाळी घेऊन जाते, पहिलीला घेऊन सव्वाचारला परत. पुन्हा रिकामी बुटीबोरी, अर्धा तास गनला, सहाला जनरलची माणसं घेऊन सातला घरी. सात ते साडेनऊ चार्जिंग, मग रात्रपाळीची फेरी आणि मध्यरात्रीनंतर मुक्काम. दहा खेपा, ३०० किलोमीटर, त्यातल्या दोन खेपा रिकाम्या. ६० किलोवॉटचा एक चार्जर कारखान्यात आणि एक तुमच्या आवारात, आणि पावणेदोनशे युनिटांच्या घरातली बॅटरी असेल तर हे बसतं. पाळ्यांच्या वेळा अर्ध्या तासाने इकडेतिकडे असतील तर बसणारही नाही, म्हणून आधी तुमचं घड्याळ तपासा.

पैशात पाहू. दोन डिझेल बस मिळून भरलेल्या २४० किलोमीटरला रोज ४,३२० रुपयांचं डिझेल लागतं. इलेक्ट्रिकला रिकामे धरून ३०० किलोमीटरला २,७०० रुपये. देखभालीतली बचत धरून रोज दोन हजारांच्या थोडं वर, वर्षाला सव्वासहा लाख. हप्ता साडेपाच. शिवाय दुसऱ्या गाडीचा विमा, कर, फिटनेस, टायरचा एक संच वाचतो. चालकांत वाचेल असं मी धरत नाही. एवढे तास एका-दोघांकडून करून घेऊ नका, थकलेला चालक वर्धा रोडवर पहाटे काय करतो ते मी पाहिलं आहे.

यातून बॅटरीसाठी पैसे बाजूला काढायचे आहेत, हे लोक विसरतात. रोज दीड वेळा पूर्ण भरली-रिकामी झाली तर वर्षाला साडेचारशे चक्रं होतात. बसमधली लोह-फॉस्फेटची बॅटरी तीन हजार चक्रांच्या आसपास चांगली चालते असं धरलं, तर सातव्या वर्षी ती उतरलेली असेल, आणि तुमचं कर्ज आठ वर्षांचं. किलोमीटरला २ रुपये, वर्षाला १ लाख ८० हजार, वेगळ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. बॅटरीचे भाव खाली येत आहेत, २०२४ मध्ये जगाची सरासरी युनिट क्षमतेमागे ११५ डॉलरवर आली होती, त्यामुळे सातव्या वर्षीची बॅटरी आजच्याहून स्वस्त मिळेल अशी मला आशा आहे. पण हिशोब आशेवर मांडू नका. हे पैसे काढल्यावर विमा, कर आणि टायरची बचत धरून गाडी जेमतेम बरोबरीत किंवा थोडी पुढे राहते. डिझेल वाढलं तर तुम्ही पुढे जाल. एखादी पाळी बंद झाली तर मागे.

आणि खरी जोखीम तिथेच आहे. तुमचा कारखान्याशी करार अकरा महिन्यांचा, बँकेचा आठ वर्षांचा. शहर बसमध्येही हाच दुखरा मुद्दा होता: महापालिका किंवा परिवहन मंडळ पैसे वेळेवर देईल का, या भीतीपोटी ठेकेदार दर चढा लावत. म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ३,४३५ कोटींची हमी योजना आणली, संस्थेने पैसे थकवले तर आधी त्या निधीतून ठेकेदाराला मिळतात आणि नंतर राज्याकडून वळते होतात. तुम्हाला अशी हमी कोणी देणार नाही, ती कारखान्याकडून करारात मागून घ्यावी लागेल. किमान पाच वर्षांचा करार, महिन्याला हमीचे किलोमीटर, मध्येच तोडला तर उरलेल्या हप्त्यांचा काही भाग, आणि आवारात चार्जरला जागा. मोठ्या कंपन्यांना आता आपल्या वाहतुकीचा धूर कमी झाल्याचं कागदावर दाखवायचं असतं, त्यामुळे त्यांच्याशी बोलण्यात तुमचा हात आज पूर्वीपेक्षा वर आहे. छतावर सौर पॅनल असलेला कारखाना असेल तर साडेनऊ ते साडेबाराचं चार्जिंग त्या विजेवर मागा. वीज युनिटला ५ रुपयांना मिळाली तर जवळजवळ निम्मी गरज तिथे भागून रोज पाच-सहाशे रुपये आणखी वाचतात, आणि तो आकडा या गाडीला बरोबरीतून नफ्यात आणतो.

वीज कनेक्शनबद्दल एकच सूचना. चार्जर विकणारा तुम्हाला मोठा चार्जर आणि मोठा मंजूर भार घ्यायला सांगेल. स्थिर आकार मंजूर भारावर लागतो, वापर होवो न होवो. तुम्हाला घरच्या आवारात ६० किलोवॉट पुरतात. आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेत वेळेनुसार दरात युनिट महाग पडतं, म्हणून सात ते साडेनऊला लागेल तेवढंच भरा, बाकी मध्यरात्रीनंतर.

करांचं थोडक्यात: इलेक्ट्रिक बसवर जीएसटी ५ टक्के आहे, १ ऑगस्ट २०१९ पासून. डिझेल बसवरचा २८ वरून सप्टेंबर २०२५ मध्ये १८ वर आला, म्हणजे करातला फायदा पूर्वीपेक्षा कमी झाला. जुन्या माहितीपत्रकात २८ धरून केलेली तुलना दाखवली तर मानू नका. बॅटरीवरच्या प्रवासी वाहनांना ऑक्टोबर २०१८ पासून परमिटातून सूट आहे, फिटनेस आणि विमा मात्र लागतोच. जुनी बस विकायचा भाव तुम्हाला तोंडपाठ आहे. वापरलेल्या इलेक्ट्रिक बसचा बाजार अजून उभाच राहिलेला नाही, तेव्हा शेवटची किंमत शून्य धरा.

कोराडी आणि खापरखेड्याच्या कोळशावरच ही वीज बनते, मग धूर कुठे कमी झाला, असंही कोणी तुम्हाला विचारेल. चिमणीचा धूर मला मान्य आहे, तिथल्या गावांचा त्रास मी जाणतो. पण बस स्टॉपवर नाकासमोर डिझेल सोडणारी गाडी गेली तर मोरभवनच्या बस स्थानकात उभ्या असलेल्या माणसाच्या छातीला फरक पडतो, हेही तितकंच खरं आहे.

तिसरी, त्यातल्या त्यात धडधाकट डिझेल बस विकू नका. एका इलेक्ट्रिकवर दोन गाड्यांचं काम टाकल्यावर ती एक दिवस बंद पडली तर दोन पाळ्यांची माणसं रस्त्यावर येतात. ती डिझेल बस आपली जनरल पाळी सांभाळून अशा दिवसाची स्पेअर आहे. उद्यापासून पंधरा दिवस तिन्ही चालकांना एक वही द्या: निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, किलोमीटर, उभी किती वेळ. त्या वहीवर वरचं घड्याळ बसतं का ते पाहा. बसलं तर विक्रेत्याला सांगा की आम्हाला गाडी आठवडाभर चालवून हवी, आणि ती मे महिन्यात, पूर्ण भरलेल्या सीटांनिशी, बुटीबोरीच्या रस्त्यावर. जानेवारीत रिकामी फिरवून दाखवलेली रेंज घेऊ नका. त्या आठवड्यात रोज रात्री मीटरचं युनिट आणि गाडीचे किलोमीटर स्वतः लिहा, आणि किलोमीटरला सव्वा युनिटाच्या वर गेलं तर या वर्षी दोन डिझेलच घ्या.